आल्पना देतात, काढत नाहीत

दिदिमणींच्या मराठीत सगळ्या जगाला मिळून एकच लिंग होतं. बाई असो, बुवा असो, मांजर असो की विजेचं बिल, सगळे ‘आला’ आणि सगळे ‘गेला’. छत्री फाटला, भाजी करपला, कामवाली रुसला. त्यांच्या धाकट्या बहिणीच्या वर्षश्राद्धाला मी वरच्या मजल्यावरून खाली त्यांच्याकडे गेले, तर भिंतीवरच्या फोटोकडे हात करून म्हणाल्या, ‘हा माझा बहीण. फार गोड गात होता.’ मला एकदम हसूही आलं आणि रडूही. काय करावं ते न कळून मी समोरच्या ताटलीतली संदेश मिठाई तोंडात टाकली.

पाणी त्या पीत नसत, खात असत. चहासुद्धा खात असत. बंगालीत तसंच म्हणतात, आणि त्यांचं मराठी बंगालीच्याच रुळांवरून चालायचं. आम्ही त्यांच्याकडे भाड्याचं घर पाहायला गेलो तो दिवस मला आठवतो. मे महिन्यातली दुपार; मी, नवरा, सात वर्षांची सई आणि दलाल. दार उघडून त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आडनाव ऐकल्यावर थेट मराठीत म्हणाल्या, ‘मराठी लोक? बस. आधी पाणी खा. मासा खातो?’ हा शेवटचा प्रश्न मला होता. मी म्हटलं, नाही. ‘मग वास खावा लागेल.’ झाली आमची मुलाखत.

त्या मूळच्या साताऱ्याकडच्या. वडील खिदिरपूरच्या गोदीत नोकरीला लागले तेव्हा या चार वर्षांच्या होत्या. चार वर्षांच्या पोरीला येतं तेवढं मराठी घेऊन त्या कोलकात्यात आल्या, आणि पुढची सत्तर वर्षं तेवढंच पुरवून पुरवून वापरलं. लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवली, डमडमला दुमजली घर बांधलं, खाली स्वतः राहिल्या आणि वर भाडेकरू ठेवले. बंगाली लोक शाळेतल्या बाईंना दिदिमणी म्हणतात. मासेवाल्यापासून डॉक्टरपर्यंत अख्खी गल्ली त्यांना त्याच नावानं ओळखायची. मी सुरुवातीला ‘काकू’ म्हणून पाहिलं, तर त्यांनी मागे वळून पाहिलं, कोण काकू आलाय म्हणून. मग मीही दिदिमणीच म्हणू लागले.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूत खोट शोधायची, सापडली की नोंद करायची, दुरुस्त होऊन आली की पुन्हा शोधायची. पंधरा वर्षं हेच. हे काम ऑफिसात ठेवून घरी येता येत नाही. हॉटेलात मला आधी मेन्यू कार्डावरच्या स्पेलिंगच्या चुका दिसतात आणि मग पदार्थ. लग्नपत्रिकेत ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं असलं तर मी त्या लग्नाला जाते, जेवतेही, पण मन लावून नाही. नवरा म्हणतो, तू झोपेतसुद्धा भुवया उंचावतेस. खोटं नसावं. या सगळ्याचा शीण येतो हे मात्र कुणाला खरं वाटत नाही. लोकांना वाटतं, चुका काढणाऱ्याला मजा येत असेल.

अशा बाईच्या खालच्या मजल्यावर दिदिमणी.

शाळेतल्या सगळ्या नोकरीत त्यांनी प्रत्येक मुलीला चित्रकलेत दहापैकी सात मार्क दिले. मुख्याध्यापिकेनं बोलावून जाब विचारला, तेव्हा म्हणे त्यांनी उत्तर दिलं, ‘सातात आई मारत नाही आणि मुलगी माजत नाही.’ मी विचारलं, ‘आणि एखादीनं कोरा कागद दिला तर?’ त्या विचारात पडल्या. ‘एकदा दिला होता,’ त्या म्हणाल्या. ‘त्याला सहा दिला. नाव लिहिला होता ना.’ पुढे गल्लीतल्या क्लबानं त्यांना आल्पनेच्या, म्हणजे जमिनीवरच्या नक्षीच्या, स्पर्धेला परीक्षक म्हणून नेलं. तिथेही त्यांनी सगळ्यांना सात दिले, आणि क्लबच्या लोकांना शेवटी चिठ्ठ्या टाकून पहिला नंबर काढावा लागला. पुढच्या वर्षी त्यांना कुणी बोलावलं नाही, आणि त्यांना ते कळलंही नाही.

दर गुरुवारी त्या लक्ष्मीसाठी खालच्या खोलीत आल्पना देत. जुनी लाल सिमेंटची जमीन, गुळगुळीत, थंडगार. तिच्यावर पांढऱ्या वेली उमटत. आल्पना देताना चष्मा काढून ठेवत आणि टीव्हीवर कुस्ती बघताना लावत. वेल पुरी होत आली की त्यांना चहाची आठवण होई, मग त्या उठून सरळ त्या ओल्या नक्षीवरून स्वयंपाकघरात जात. दोन पानांच्या मधोमध त्यांच्या टाचा उमटलेल्या असत. मी एकदा न राहवून म्हटलं, ‘अहो, बाजूनं जा ना.’ तर म्हणाल्या, ‘जमीन आहे. चालायचा नाही तर काय भिंतीवर चालू?’

आता सईचं सांगते.

सई दीड वर्षांची असताना नवऱ्याच्या बँकेनं त्याची कोलकात्याला बदली केली आणि मग बँक आम्हाला इथेच विसरून गेली. पाळणाघर बंगाली, शाळा इंग्रजी, मैदानावर हिंदी. मराठी उरलं घरापुरतं, आणि घरात नवरा बोलतो कमी. सगळी भिस्त माझ्यावर. मी डोळ्यांत तेल घालून तिचं मराठी सांभाळलं. ‘मी खेळायला जातो.’ जाते. ‘माझा पेन्सिल.’ माझी. ‘मला भूक लागला.’ लागली. रागावून नव्हे, अगदी प्रेमानं, तिच्या शब्दापाठोपाठ माझा शब्द. ती आठ वर्षांची असताना एका रविवारी पुण्याला माझ्या आईशी व्हिडिओ कॉल चालू होता. सई शाळेतल्या नाटकाचं सांगत होती. पहिल्या वाक्यात मी एकदा टोकलं, दुसऱ्यात दोनदा. तिसरं वाक्य आलंच नाही. तिनं फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, ‘यू टेल.’

त्यानंतर ती माझ्याशी मराठीत बोलेनाशी झाली. भांडण नाही, रुसवा नाही. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, तेही कामापुरतं. ‘अभ्यास झाला?’ ‘डन.’ ‘डब्यातली भाजी आवडली?’ ‘ओके.’ आठवडे गेले, महिने गेले. ती मराठी विसरेल याची भीती होतीच, पण खरी भीती निराळी होती. ही मुलगी मला काही सांगायचंच सोडून देणार असं मला दिसत होतं, आणि त्याला कारण मी होते.

आणि हीच मुलगी खाली दिदिमणींकडे मराठीत अखंड बडबडायची. शाळेची बस तिला चार वाजता सोडायची आणि मी येईपर्यंत ती खालीच असायची. एकदा मी लवकर आले. जिन्याशी चप्पल काढताना तिचा आवाज ऐकला आणि तिथेच पायरीवर बसले. शाळेच्या बसखाली मांजराचं पिल्लू शिरलं होतं, त्याची गोष्ट चालली होती. ‘मग टीचर आला. टीचर रडला. मग आया पण आला, दूध घेऊन...’ दिदिमणी मधूनमधून हुंकार भरत होत्या. दोघींच्या त्या बिनलिंगी मराठीत गोष्ट अशी पळत होती, जणू रस्त्यात कुठे खड्डाच नाही. मी दारात गेले. सई वाक्याच्या मध्येच थांबली, दप्तर उचललं आणि वर निघून गेली.

मी दिदिमणींना म्हटलं, ‘तुम्ही तिला काहीही बोलू देता. तिचं मराठी पार बिघडून चाललंय. आत्ता एवढ्याशा गोष्टीत अकरा चुका केल्या तिनं.’

‘पिल्लूचा काय झाला?’ त्यांनी विचारलं.

‘म्हणजे?’

‘तू जिन्यात ऐकत होता ना? पिल्लू वाचला का मेला?’

मला सांगता येईना. अकराच्या अकरा चुका मी क्रमानं म्हणून दाखवल्या असत्या, पण पिल्लाचं काय झालं ते मी ऐकलंच नव्हतं. दिदिमणींनीही सांगितलं नाही. चष्मा लावून त्या कुस्ती बघू लागल्या.

मला त्यांचा हेवा वाटला, हे स्पष्टच सांगते. त्या खोलीत बसायला मिळावं म्हणून मी आल्पना शिकायचं ठरवलं. कलेची ओढ वगैरे काही नव्हती. दिदिमणी म्हणाल्या, ‘मी रिटायर झाला. शिकवत नाही. तू इथे बस. मी देतो, तू पण दे.’

‘काय देऊ?’

‘आल्पना. आल्पना देतात, काढत नाहीत.’ आणि म्हणाल्या, ‘मराठीत रांगोळी काढतो, दात काढतो, चूक काढतो. सगळा काढतो.’

रांगोळी मला येते. येते म्हणजे आमच्या पुण्याच्या सोसायटीच्या गणपतीत सलग तीन वर्षं बक्षीस आहे. ठिपक्यांची, एकवीस ते अकरा, एक रेघ इकडची तिकडे नाही. माझ्याकडे भोकं पाडलेला ठिपक्यांचा कागद आहे. त्यावर रांगोळी पसरून हात फिरवला की खाली ठिपके ओळीनं पडतात. आणि रांगोळीचं मोठं सुख असं की चुकलं तर बोटानं सारता येतं, फुंकर मारता येते, कुणाला पत्ता लागत नाही. आल्पना ही तिचीच बंगाली बहीण असणार अशी माझी समजूत होती.

पण आल्पनेला पूड लागत नाही. तांदूळ भिजवून वाटायचे आणि दुधासारखे पातळ करायचे. त्याला पिटुली म्हणतात. चिंधीचा बोळा पिटुलीत बुडवून मुठीत धरायचा आणि हलके दाबायचा, की ती अनामिकेवरून ओघळते. ते बोट जमिनीवर फिरवत जायचं. ठिपके नाहीत, आराखडा नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ओली असताना ती धड दिसत नाही. लाल जमिनीवर नुसता पाण्याचा ओघळ. सुकायला लागली की पांढरी होऊन वर येते. म्हणजे आपण काय दिलं ते देऊन झाल्यावर कळणार. माझ्यासारखीला ही शिक्षाच होती.

पहिल्या रविवारी दिदिमणी आंघोळीला गेल्या आहेत असं पाहून मी हळूच ठिपक्यांचा कागद काढला आणि त्यांच्या जमिनीवर पंधरा ते आठ ठिपके पाडून ठेवले. अगदी बारीक. म्हटलं, आधार असलेला बरा, पिटुलीखाली झाकले जातील. झाकले कसले जातात. पिटुली लागताच पूड भिजून फुगली, आणि सुकल्यावर वेलीला गोवर आल्यासारखे जागोजाग फोड दिसू लागले. मी काडीला कापूस लावून एकेक टिपायला गेले, तर प्रत्येक ठिकाणी राखाडी डाग. दिदिमणी केस पुसत बाहेर आल्या, पाहिलं, आणि आत जाऊन बादली घेऊन आल्या. सगळी बादली ओतली. निम्मी माझ्या मांडीवर.

‘तुझा हात परीक्षेला आला काय?’ त्या म्हणाल्या. ‘किती घाबरतो.’

पुढचे कित्येक रविवार मी एकच वेल देत राहिले आणि पुसत राहिले. दिदिमणींना ओल्या फडक्याचा भारी राग. मी पुसायला गेले की मनगटावर पट्टी मारत. शाळेतली लाकडी पट्टी. तिनं त्यांनी आयुष्यात एक रेघ ओढली नसेल. मग त्या खुर्चीत घोरू लागल्या की मी पटकन पुसून घ्यायची. घरी वरच्या टाइल्सवर सराव करायची, फोटो काढायची, मोठा करून बघायची, डाव्या बाजूची पानं उजवीपेक्षा जाड आली म्हणून स्वतःवर चिडायची. ऑफिसात दमायचं आणि सुटीच्या दिवशी हौसेनं आणखी दमायचं, असा प्रकार. सई त्याच खोलीत कोपऱ्यात बसून मुठीनं जमिनीवर काहीबाही उमटवत असे आणि दिदिमणींशी बंगालीत बोलत असे. मी असले की मराठी बंद. पण ती उठून जात नव्हती, तेवढ्यावर मी समाधान मानून घेतलं.

एकदा मी दिदिमणींना विचारलं, ‘तुमच्या वडिलांनी तुमचं मराठी कधी सुधारलं नाही?’

‘बाबा गोदीतून दमून यायचा,’ त्या म्हणाल्या. ‘मी बोलायचा, बोलायचा. बाबा झोपायचा. झोपेत पण म्हणायचा, मग? मी आणखी बोलायचा.’ त्यांनी पिटुलीची वाटी ढवळली. ‘सुधारणार कधी? वेळ कुठे होता.’

आपल्याकडे कोजागिरीला आटवलेलं दूध. बंगाल्यांकडे त्या संध्याकाळी घरोघर लक्ष्मीपूजा. फाटकापासून देवीच्या पाटापर्यंत तिची पावलं देतात. दिदिमणींची पावलं बघायला गल्लीतल्या बायका दरवर्षी यायच्या. त्या वर्षी त्यांचे गुडघे सुजले होते. तीन आठवडे आधीच मला म्हणाल्या, ‘पावलं तू देशील. मी बसून बघतो.’

मी घाबरले, आणि घाबरल्यावर नेहमी करते ते केलं. रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी टाइल्सवर सराव. डावं पाऊल. टाचेचा बाक, मधली कमान, उतरत्या क्रमानं पाच बोटं. अंगठा जाड आला की पुसायचं, करंगळी लांबली की पुसायचं. तीन आठवड्यांनी ते पाऊल असं उतरू लागलं की नवरा म्हणाला, ‘हे छापल्यासारखं वाटतंय.’ याहून मोठं कौतुक मला ठाऊक नाही.

त्या दिवशी चार वाजता मी फाटकापाशी उकिडवी बसले. बायका पाचला येणार होत्या. फाटकापासून पाटापर्यंत बावीस पावलं बसत होती. टेपनं अंतरं मोजून घेतली होती, कारण मला त्यातच चूक होण्याची धास्ती होती. सई एका हातात पिटुलीची वाटी आणि दुसऱ्या हातात फडकं घेऊन न बोलता माझ्या मागोमाग येत होती. दिदिमणी दारात वेताच्या मोढ्यावर बसून पेंगत होत्या. मी अंतर मोजून एकेक पाऊल देत गेले. ओला ओघळ, दिसत काही नव्हतं, पण हात बसलेला होता. कुठे अडखळले नाही, एकदाही फडकं मागितलं नाही. किती तरी दिवसांनी मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. शेवटचं पाऊल पाटाशी देऊन मी कंबर धरत उठले आणि मागे वळून पाहिलं. फाटकाकडची पावलं सुकून वर येऊ लागली होती.

सगळी डावी होती.

बावीसच्या बावीस. सुबक, छापल्यासारखी आणि डावी. उजवं मला जमत नव्हतं अशातला भाग नाही. तीन आठवड्यांत मी उजव्यापर्यंत पोचलेच नव्हते. ऐन वेळी डोकं अंतरं मोजण्यात गुंतलं होतं आणि हात त्याला जेवढं शिकवलं होतं तेवढं करत गेला. पंधरा वर्षं लोकांच्या चुका पकडणाऱ्या बाईनं देवीला एका पायावर घरात आणलं होतं.

फाटक वाजलं आणि बायका आल्या. पहिलीनं खाली पाहिलं, मान तिरकी केली, पुन्हा पाहिलं. दुसरीनं हिंदीत हळूच विचारलं, ‘दोनों पैर बायाँ है क्या?’ मी फडक्यासाठी सईकडे हात पुढे केला. तिनं फडकं पाठीमागे लपवलं. ती पावलांकडे बघत होती, गाल फुगले होते, आणि मग तिला हसू आवरेना.

‘आई,’ ती म्हणाली, ‘तुझा लक्ष्मी लंगडी घालत आला.’

मराठीत. इतक्या महिन्यांनी, माझ्याशी. लंगडी मीच तिला गच्चीवर शिकवली होती.

‘आली’ हा शब्द माझ्या जिभेच्या टोकावर येऊन उभा राहिला. त्याच्या मागे ‘तुझी’. ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण सईचं हसू थांबलं आणि ती माझ्या तोंडाकडे बघू लागली. ती वाटच बघत होती. मला एकाएकी फार दमल्यासारखं झालं. ती दमणूक नुसत्या तीन आठवड्यांची नव्हती, सगळ्या वर्षांची होती. मी म्हटलं, ‘हो ना. दमला असेल बिचारा. फाटकापासून एका पायावर आला.’

सईनं पाठीमागचं फडकं खाली टाकलं. मग म्हणाली, ‘मग त्याला पाणी खायला दे.’

दिदिमणी झोपल्या आहेत असं मला वाटलं होतं. त्या डोळे न उघडताच बायकांना बंगालीत काहीतरी म्हणाल्या आणि सगळ्या जणी खो खो हसल्या. सईनं मला समजावून सांगितलं, ‘दिदिमणी म्हणतो, महाराष्ट्राचा लक्ष्मी असाच येतो. घाईत असतो.’ पूजा त्याच पावलांवर झाली.

त्या दिवसापासून सगळं सुरळीत झालं असं मी लिहीत नाही, कारण तसं झालं नाही. सई आधी आठवड्यातून दोन वाक्यं बोलली, मग चार. मी अजूनही टोकते. खोड आहे, ती अशी जात नाही. पण आता मी टोकलं की ती म्हणते, ‘आई, आधी गोष्ट,’ आणि मी गप्प बसते. माझ्या वेली वाकड्याच येतात. पुसणं मात्र कमी झालं; एक तर वय झालं आणि दुसरं, कंटाळा आला. दिदिमणींनी मला कधी शाबासकी दिली नाही. एका गुरुवारी त्या चहा करायला उठल्या आणि मी दिलेल्या ओल्या वेलीवरून टाचा उमटवत सरळ स्वयंपाकघरात गेल्या. तोवर त्या माझ्या वेलींना वळसा घालून जात असत, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यातून त्यांचा भाचा, त्या गाणाऱ्या बहिणीचा मुलगा, त्यांना बराकपूरला आपल्या घरी घेऊन गेला. महिन्याभरानं त्याचा फोन आला. हिंदीत म्हणाला, मावशी आता बसते, थोडं बोलते. उजवा हात उचलत नाही. आणि तुमची भाषा गेली. हिंदीही गेली. फक्त बांगला उरली आहे.

रविवारी सईनं आणि मी डमडमहून बराकपूरची गाडी पकडली. गाडीत मला घाम फुटला होता आणि तो उन्हाचा नव्हता. एक गोष्ट मी आतापर्यंत सांगितली नाही, कारण तिची लाज वाटते. या शहरात आठ वर्षं काढून मी बंगालीतलं एक अख्खं वाक्य कधी बोलले नव्हते. समजतं बहुतेक सगळं. पण बोलायचं तर नीट, नाहीतर बोलायचंच नाही, या हट्टापायी मी भाजीवाल्याशीही हिंदीतच बोलत आले. सईला बंगाली घरच्यासारखं येतं. ‘तूच बोल हं त्यांच्याशी,’ मी गाडीत म्हटलं. सई खिडकीबाहेर बघत होती.

दिदिमणी पलंगावर पाठीला उशी देऊन बसल्या होत्या. कुणीतरी त्यांचे केस घट्ट वेणीत बांधले होते आणि ते त्यांना मुळीच शोभत नव्हतं. सईला पाहून त्या अर्ध्या ओठांनी हसल्या. ‘दिदिमणी, कशा आहात?’ मी विचारलं. त्यांची नजर माझ्या तोंडावरून फिरली आणि तिथून निघून गेली. शब्द म्हणून ते त्यांच्यापर्यंत पोचलेच नव्हते. मला रडू येत होतं. भाचा, त्याची बायको, शेजारची एक बाई, सगळे माझ्याकडे बघत उभे होते. सईला सांगितलं असतं तर तिनं सगळं व्यवस्थित विचारलं असतं. पण मग ते तिचं विचारणं झालं असतं.

मी स्टूल पलंगाजवळ ओढलं आणि म्हटलं, ‘आपनि केमोन आछो?’

तोंडातून गेल्याबरोबर कळलं. ‘आपनि’ म्हटलं तर पुढे ‘आछेन’ हवं. मी जे म्हटलं ते ‘आपण कसा आहेस’ अशासारखं झालं होतं. भाच्याच्या बायकोनं हसू दाबलं. सईनं झटकन माझ्याकडे पाहिलं. बरोबर शब्द तिला ठाऊक होता. तो तिच्या तोंडाशी आलेला मला दिसला. तो चेहरा मी ओळखते, तो माझाच आहे. मी मान खाली घालून वाट पाहिली. तिनं ओठ उघडले.

आणि मिटले.

‘भालो आछि,’ दिदिमणी म्हणाल्या. बरी आहे. त्यांनी डावा हात उचलून माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि अडखळत, सावकाश, मला काहीतरी विचारलं. घरातलं, बहुधा गुरुवारचं. उत्तर मला माहीत होतं. शब्दही होते, पण कुठला कुणाच्या पुढे लावायचा ते कळत नव्हतं. मी तोंड उघडलं आणि तशीच थांबले.

सईनं मला कोपरानं ढोसलं.

‘आई,’ ती हळूच म्हणाली, ‘थांबतो कशाला? बोल ना.’